भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका : शेजाऱ्यांचं एकच चलन असावं का?

हळद_सौदा
सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर मी निर्यातीचे कागद बघतो. आमचा बराच माल बांगलादेशला जातो. तिथला व्यापारी टाका, म्हणजे त्यांचं चलन, मोजून डॉलर घेतो, ते डॉलर आमच्या बँकेत येतात आणि आम्ही ते विकून रुपये करतो. दोन्ही देशांची हद्द एकमेकांना लागून, आणि मध्ये अमेरिकेचा डॉलर! दोन्ही टोकांना बँक आपली कात्री लावते ते वेगळंच. 2022 मध्ये ढाक्यात डॉलरची टंचाई झाली तेव्हा एलसी, म्हणजे पैसे चुकवण्याची बँकेची हमी, उघडायलाच बँका तयार नव्हत्या. गिऱ्हाईक होतं, माल होता, भावही ठरलेला होता. अडलं ते फक्त तिसऱ्याच देशाच्या नोटेपायी.

जुलै 2023 पासून भारत-बांगलादेश व्यवहार रुपयात करायची सोय झाली, पण ती फारशी चालत नाही. बांगलादेश आपल्याकडून जेवढं घेतो त्याच्या कितीतरी कमी आपल्याला विकतो, मग त्यांच्याकडे रुपये साठणार कुठून? म्हणून मला वाटतं, अर्धवट सोयी पुरेत. दक्षिण आशियाचं एक चलन करावं. वाजपेयींनी 2003 मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली होती, तेव्हा ती कुणाला वेडगळ वाटली नव्हती. युरोपातल्या 11 देशांनी 1999 मध्ये युरो आणून हे करून दाखवलं. आपल्याला काय धाड भरली आहे?

विश्रामबागचे_मास्तर
हळदवाले, तुमची अडचण खरी आहे, औषध मात्र भलतंच सांगताय. चलन म्हणजे नुसती नोट नव्हे. व्याजाचा दर कोण ठरवणार, नोटा किती छापणार आणि संकटात सरकारला पैसे कोण देणार, ही सगळी सत्ता त्या नोटेमागे असते.

ग्रीसचंच घ्या. द्राख्मा हे त्यांचं जुनं चलन, 340.75 द्राख्मांना एक युरो या दराने ते 2001 मध्ये युरोत आले. त्याआधी त्यांना चढ्या व्याजाने कर्ज मिळायचं, आत येताच जवळपास जर्मनीच्या दराने मिळायला लागलं. कारण सावकारांनी गृहीत धरलं की नोट एक म्हणजे जोखीमही एकच. स्वस्त पैशावर पगार वाढले, आयात वाढली, कर्ज वाढलं. 2010 मध्ये फुगा फुटला. द्राख्मा असता तर तो घसरला असता, परदेशी माल महागला असता, ग्रीसचं पर्यटन आणि ऑलिव्ह तेल स्वस्त झालं असतं. ती वाट बंद असल्याने पगार, पेन्शन आणि नोकऱ्या कापणं एवढंच उरलं. अर्थव्यवस्था सुमारे पाव हिश्श्याने आकसली. 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांच्या वर गेली. 2015 च्या उन्हाळ्यात बँका बंद, आणि एटीएमवर दिवसाला 60 युरोची मर्यादा. आता हेच चित्र कोलंबोत बघायचं आहे का तुम्हाला?

हळद_सौदा
मास्तर, ग्रीसच्या सरकारने तुटीचे आकडे दडवले होते. त्याचा दोष नोटेला कशाला? लॅटव्हिया आणि एस्टोनियाही 2008 नंतर होरपळले, त्यांनीही पगार कापले, आणि तरी नंतर स्वखुशीने युरोत गेले. खुद्द ग्रीसच्या लोकांनी 2015 च्या सार्वमतात कर्जाच्या अटी नाकारल्या, पण युरो सोडला नाही. स्वतःचं चलन म्हणजे एवढं मोठं कवचकुंडल असेल तर त्यांनी द्राख्मा परत का नाही आणला?

आणि कोलंबोचं म्हणाल तर श्रीलंकेकडे स्वतःचा रुपया होताच की. 2022 मध्ये डॉलरला 200 वरून 360 च्या आसपास गेला. पेट्रोलच्या रांगांत माणसं तासन् तास उभी राहिली. कुठे आलं ते कवच कामाला?

विटेकर_गलाई
राम राम मंडळी. आमचं गाव विट्याजवळ, धंदा सोनं-चांदी गाळायचा. आमच्या भागातली पोरं त्यापायी सगळ्या देशात गेली, मी जरा पुढं, काठमांडूत. हितं भारताचे 100 म्हंजे नेपाळचे 160. 1993 पासनं ह्यो दर हललेला न्हाई, शाळेतल्या पोराला पण पाठ हाय. कधी बँकेत जाऊन आजचा भाव काय म्हणून विचारावं लागत न्हाई. म्हणून मी म्हणतो, एक चलन झालं तर बरंच हाय, निम्मं तर हितं झालंयच.

पण एक सांगतो. 2016 ला दिल्लीत रातोरात नोटा बंद झाल्या. हितल्या लोकांच्या घरात, बँकेत हजार-पाचशेच्या इंडियन नोटा पडून ऱ्हायल्या. बदलून कोण देणार? वर्षं गेली तरी त्याचा निकाल लागला न्हाई. मग 2018 ला नेपाळ सरकारनं 100 च्या वरच्या भारतीय नोटा वापरायलाच बंदी घातली. चिडून घातली का भिऊन, ते त्यांनाच माहीत. हितल्या माणसाचं म्हणणं एवढंच, आमच्या खिशातली नोट बंद करताना आम्हाला इचारलं का?

विश्रामबागचे_मास्तर
विटेकर, तुम्ही बरोबर नस पकडलीत. ही गोष्ट पहिल्यांदा घडलेली नाही. आखाती देशांत एकेकाळी आपलाच रुपया चालत असे. 1959 पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत होती. 6 जून 1966 ला दिल्लीने अवमूल्यन केलं, डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. दुबई-कतारच्या व्यापाऱ्याने काहीही न करता त्याच्या तिजोरीतली किंमत उतरली. थोड्याच काळात त्यांनी रुपया सोडून दिला.

भूतानचंही तसंच. त्यांचं एनगुल्ट्रम रुपयाशी एकास एक बांधलेलं, भारताचा रुपया तिथे राजरोस चालतो. पण आयात बहुतेक भारतातून, आणि 2012 मध्ये त्यांच्याकडचे रुपयेच आटले. गाड्यांची आयात, बांधकामाची कर्जं, सगळ्यावर निर्बंध घालावे लागले. दर बांधलेला असला तरी रुपये कमवावेच लागतात.

एमआयडीसी_मिरज
मग मास्तर, सांगलीचं आणि मुंबईचंही चलन वेगळं करा की! आटपाडीला दुष्काळ पडतो तेव्हा आटपाडीचा रुपया घसरू दे. 😀

विश्रामबागचे_मास्तर
चेष्टेत विचारलंत, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. भारत हीच मोठी चलन-जोडणी आहे. बिहार आणि महाराष्ट्र यांच्या उत्पन्नात केवढी तफावत, तरी एक रुपया चालतो. का चालतो? बिहारचा मुलगा उद्या सकाळी तुमच्या मिरजेच्या कारखान्यात कामाला उभा राहू शकतो, त्याला पासपोर्ट लागत नाही. आणि केंद्राच्या वाटून द्यायच्या करांपैकी 41 टक्के राज्यांना जातात, त्यात गरीब राज्यांना झुकतं माप. मुंबईतून भरलेल्या करातून पाटण्याचा रस्ता होतो, यावर आपण कुरकुर करतो पण देतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी 1961 मध्ये हेच विचारलं होतं, की एक चलन कुठवर पुरावं? माणसं मोकळेपणाने हलतात तिथवर, असं त्यांचं म्हणणं. सामायिक तिजोरीची अट पुढच्यांनी जोडली. ढाक्यातल्या बेकारासाठी सांगलीचा करदाता पैसे देईल? तुम्ही द्याल?

बेदाणा_सावळज
मी बागायतदार आहे, मला पुस्तकातलं कळत नाही. आमच्या बेदाण्याला अफगाणी बेदाण्याची स्पर्धा आहेच. द्राक्षाचं म्हणाल तर बांगलादेशचं गिऱ्हाईक टाक्यामुळे अडत नाही, त्यांच्या आयात शुल्कामुळे अडतं. ढाक्याने शुल्क वाढवलं की इकडे बागेत दलाल दर पाडून मागतो. एक नोट करून शुल्क तेच ठेवलं तर मला काय मिळालं? उलट आज रुपया पडला की युरोपला जाणाऱ्या मालाचे चार पैसे जास्त येतात. खत-औषधं महागतात हेही खरं. पण ते चार पैसे कुणाच्या तरी बैठकीत घालवायला मी तयार नाही.

हळद_सौदा
बेदाणावाले, रुपया पडला की तुम्हाला चार पैसे, पण तो चढला की आमचा तोटा, कारण आम्ही हंगामाच्या आधी डॉलरात भाव बांधतो. फॉरवर्ड कव्हर, म्हणजे डॉलरचा पुढचा दर बँकेकडून आधीच बांधून घ्यायचा, तर त्याचाही खर्च. छोट्या पेढीला तो झेपत नाही.

मास्तर, तुमचं तिजोरीचं म्हणणं मला पटतं, पण त्यावरून तुम्ही दारच बंद करताय. आमच्या या सगळ्या भागात पूर्वी चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये फिरत होते आणि सराफ प्रत्येक बदलाला बट्टा खात होता. 1835 नंतर कंपनीचा एकच रुपया पसरत गेला तेव्हा बट्ट्यावर जगणारे ओरडलेच असतील.

विश्रामबागचे_मास्तर
कंपनीने कुणाला विचारून केलं नव्हतं. तलवार हातात असली की चलन एक करणं सोपं.

आणि युरोपने नोट आधी केली नाही. चाळीस वर्षं जकाती काढल्या, बाजार एक केला, मग नोट. त्यांचा निम्म्याहून जास्त व्यापार एकमेकांशी होतो. दक्षिण आशियात हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास. पाकिस्तानशी तर 2019 पासून जवळपास बंदच. दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची शेवटची शिखर बैठक 2014 मध्ये काठमांडूत झाली. जे एका टेबलाभोवती बसत नाहीत ते एका बँकेचा व्याजदर ठरवणार?

विटेकर_गलाई
पाकिस्तान सोडा की मास्तर. ज्यांचं जमतंय त्यांनी करावं.

हळद_सौदा
तेच म्हणतो. आणि सुरुवात नोटेपासून नको, हिशेबापासून करू. आशियाई क्लिअरिंग युनियन 1974 पासून आहे, कार्यालय तेहरानला. भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका सगळे त्यात आहेत. देणं-घेणं एकमेकांत वळतं करून दर दोन महिन्यांनी फक्त फरक चुकवायचा. दुखणं एवढंच की फरक पुन्हा डॉलरसारख्या बाहेरच्या चलनातच चुकवायचा. तो रुपया-टाक्यात चुकवा, आणि ज्याच्याकडे कमी पडेल त्याला काही महिन्यांची सवड द्या. युरोपनेही 1950 मध्ये असाच पेमेंट्स युनियन काढला होता, युरोच्या कितीतरी आधी.

विश्रामबागचे_मास्तर
याला माझी हरकत नाही, फक्त याला एक चलन म्हणू नका. आणि 1950 च्या त्या युनियनमध्ये अमेरिकेने 35 कोटी डॉलर घातले होते, तेव्हा ती सवड देता आली. इथे ते भारतालाच घालावे लागतील. कोणता पक्ष लोकसभेत उभा राहून हे मागेल?

हळद_सौदा
2022 मध्ये श्रीलंकेला सुमारे 4 अब्ज डॉलर दिले तेव्हा कोण आडवं आलं?

विश्रामबागचे_मास्तर
त्यातलं बहुतेक कर्जाऊ होतं, आणि तेही कोलंबो पार बुडाल्यावर दिलेलं. तुमच्या योजनेत दर दोन महिन्यांनी द्यावं लागेल, ढाका बरा चाललेला असताना सुद्धा. त्याची मर्यादा किती आणि थकली तर वसुली कशी, हे आधी लिहा, मग पुढे बोलू.

बेदाणा_सावळज
आणि त्यात द्राक्षाचं शुल्क कमी करायची अट घाला. नाहीतर आम्ही सही करत नाही.