किडनी आकाराच्या पूलमध्ये पाणी नक्की किती?

बंगलेवाला_कर्जत:
कर्जतजवळ बंगल्याला छोटा पूल आहे, किडनी आकाराचा. लांबी 28 फूट, रुंदी एका फुगवट्याला 15, दुसऱ्याला 11. पाणी उथळ बाजूला साडेतीन फूट, खोल बाजूला 5, तळ सरळ उतरता. बांधणारा म्हणतो 50 हजार लिटर आणि केअरटेकर त्याच हिशेबाने क्लोरीन टाकतो. मला आकडा फुगवलेला वाटतोय.

साइटवरचा_काका:
फुगवलेलाच आहे. 28 × 15 × सव्वाचार करून बघा: 1785 घनफूट, म्हणजे बरोबर 50 हजार लिटर. गड्याने सरळ चौकोन धरलाय, कमरेची खोबण सोडूनच दिली. (बिलातही तेच केलं असेल, पण ते जाऊ द्या.)

किडनीचं ढोबळ सूत्र: दोन्ही रुंद्यांची बेरीज × लांबी × 0.45. तुमचं येतं 328 चौरस फूट. त्याला सरासरी खोली सव्वाचार, म्हणजे 1392 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर, एकूण 39,400 च्या आसपास.

खोली पाण्याच्या रेषेपासूनच मोजलीत ना? काठाच्या लादीपासून टेप लावला आणि पाणी सहा इंच खाली असलं, तर साडेचार हजार लिटर उगाच वाढतात.

1 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक भाग) वाढवायला हजार लिटरला 1 ग्रॅम क्लोरीन. 90 टक्के क्लोरीनवाली टीसीसीए (पूलमध्ये टाकायची क्लोरीनची पावडर किंवा गोळी) असेल तर तुम्हाला 44 ग्रॅम पुरे. केअरटेकर 55 टाकतोय.

मिसळपाव_पुणे:
एवढं गणित कशाला? 10 हजारचा टँकर ओता, पाणी किती चढलं बघा.

साइटवरचा_काका:
ताळा म्हणून उत्तम. भिंती उभ्या असतील तर या पूलमध्ये 33 सेंटीमीटर चढायला हवं. फक्त आधी टँकरच्या झाकणातून डोकावून बघा. ‘दहा हजार’ रंगवलंय म्हणून आत दहा हजार असतंच असं नाही.

टेरेस_ठाणे:
काका, आमचा हॉट टब आतून सीटांच्या आकाराचा आहे. याला कुठलं सूत्र?

साइटवरचा_काका:
कुठलंच नाही. पुढच्या वेळी रिकामा करून भराल तेव्हा त्याच पाइपने 20 लिटरची बादली किती सेकंदात भरते बघा. 50 सेकंद लागले तर मिनिटाला 24 लिटर. टब 45 मिनिटांत भरला तर 1080. वरची टाकी उतरत गेली की धार मंदावते, म्हणून बादली मध्ये एकदा आणि शेवटी एकदा परत लावा, सरासरी घ्या. आणि भरताना टबात कोणी बसू नका, पोरं बसतातच.