कोड खुला, मग डेव्हलपमेंट बंद दाराआड का?

अर्धविराम: आमचा प्रकल्प ओपन सोर्स आहे म्हणजे काय, तर रिलीजच्या दिवशी टारबॉल (सगळ्या कोडची एक बांधलेली फाइल) बाहेर पडतो. रोजचे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल), वादावादी, बगची यादी सगळं आतल्या आत. बाहेरून पॅच (कोडमधली दुरुस्ती) आला की 'आभारी आहोत' म्हणायचं आणि विसरायचं. माझं मत: रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा) उघडा, बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घ्या अशा विनंत्या) घ्या.

टर्मिनलवाला: उघडा की. रिव्ह्यू कोण करणार? २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला होता. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला. एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा, कोड कुणीही वापरा, पण बाहेरचा पॅच सहसा घेत नाहीत. काही अडलंय का त्यांचं?

अर्धविराम: त्यांचं कारण निराळं आहे हो. कोड पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाच्याच मालकीहक्काविना, ठेवायचा म्हणून प्रत्येकाकडून हक्कसोडीचा कागद लागतो. आपल्याला लिनक्ससारखी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ ('हा कोड द्यायचा मला हक्क आहे' अशी सही) पुरेल.

कंसातली: आणि एक्सझेड, ते फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर? एका अनोळखी माणसाने दोनेक वर्षं नीट पॅच देऊन विश्वास कमावला, प्रकल्प सांभाळून दमलेल्या मेंटेनरच्या हातून सूत्रं घेतली आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत बॅकडोअर (गुपचूप शिरायचं चोरदार) घातलं. दार उघडं ठेवलं की असे पाहुणेही येतात.

अर्धविराम: पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते एक्सझेडच्या टीममधले नव्हतेच. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेले. शिवाय बॅकडोअर चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या सूचना) गिटमध्ये, म्हणजे उघड्या रिपॉझिटरीत, नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. आपण लोकांच्या हातात काय देतो? नुसता टारबॉल!

टर्मिनलवाला: हा मुद्दा बिनतोड. रिपॉझिटरी सगळ्यांना दिसू दे, माझी हरकत नाही. पण दाखवणं वेगळं आणि घेणं वेगळं. पॅच देणारा चार दिवसांत गायब होतो, त्याचा कोड पुढे वर्षानुवर्षं आपण निस्तरायचा. बग कळवा म्हणावं, दुरुस्ती आम्ही करू.

अर्धविराम: मग निदान डॉक्युमेंटेशन आणि टेस्टचे पॅच तरी घेऊ. त्यात काय धोका?

कंसातली: डॉक्युमेंटेशनचे घ्या. टेस्टचे घेताना डोळे उघडे ठेवा. एक्सझेडमधला माल टेस्टच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फायलींतच दडवला होता, आणि त्या मात्र गिटमध्ये सगळ्यांसमोर पडून होत्या.