दोन वर्षं म्हणजे फार नाही हो

रस्ता अपघाताच्या भरपाईच्या केसबद्दल एकाने लिहिलंय, "दोन वर्षं झाली, वकील नुसत्या तारखा सांगतो." वकिलाची बाजू घेत नाही, पण आमच्या धाकट्याच्या केसला साडेचार वर्षं लागली. मांडीत रॉड होता. हाड पूर्ण जुळेपर्यंत कायमचं अपंगत्व किती टक्के, हे लिहून द्यायला डॉक्टर तयार नव्हते. तो दाखला नाही तर कमाईचं नुकसान मोजणार कसं? दाखला मिळाला, तर डॉक्टरांना साक्षीला यायला सवड मिळेना. त्यातच आठ तारखा गेल्या.

कागदावर सगळं झटपट आहे. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमचा अर्ज मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्येच तसं आहे.

लोकअदालतीत लवकर मिटतं, हे खरं. पण आम्हाला विमा कंपनीने सांगितलेला पहिला आकडा हॉस्पिटलच्या बिलापेक्षाही कमी होता! आणि औषधांच्या पावत्यांची झेरॉक्स आजच काढा, त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. आमच्या निम्म्या पावत्या कोऱ्या झाल्या होत्या.