शब्दचर्चा: ‘क्रिटिकल थिअरी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अमेरिकेतल्या ख्रिस्ती सेमिनऱ्यांत (पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थांत) ‘क्रिटिकल थिअरी’वरून वाद चालू आहे. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मासिकात त्यावर लिहायचे आहे. ‘टीकात्मक सिद्धांत’ म्हणू की ‘समीक्षात्मक’?

उत्तर: ‘टीकात्मक’ नको. टीका म्हणजे आपल्याकडे एक तर नावे ठेवणे, नाहीतर गीतेवरचे भाष्य. ‘समीक्षा’ म्हटले की वाचक कथा-कादंबऱ्यांकडे वळतो. मी ‘चिकित्सक सिद्धांत’ लिहीन. या सिद्धांताला नाव देणारा जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर, त्याने 1937 च्या निबंधात मांडले ते असे, की समाज कसा चालतो हे सांगून थांबायचे नाही, माणसाला दडपणातून मोकळेही करायचे. म्हणजे तपासणी आली तसा उपायही आला, आणि ‘चिकित्सा’ या शब्दात दोन्ही अर्थ आहेत. वैद्यकात मात्र निदान वेगळे, चिकित्सा वेगळी, आणि ख्रिस्ती आक्षेपाचा रोख मुख्यतः चिकित्सेवर आहे. रोगाचे मूळ सत्तेच्या विषमतेत धरले तर औषध सत्तेची फेरवाटणी; मूळ पापात धरले तर औषध तारण, म्हणजे देवाने केलेली पापातून सुटका.

दुसरे उत्तर: शब्द ठीक, पण अनेकवचन सांभाळा. होर्कहायमरचा फ्रँकफर्टचा संप्रदाय एक, अमेरिकी लॉ स्कूलांतली, वंशभेद कायद्यांत आणि संस्थांत कसा मुरतो हे पाहणारी क्रिटिकल रेस थिअरी दुसरी. ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे वंश, लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येणे, हा अमेरिकी कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांचा 1989 चा शब्द. त्यांनी उदाहरणादाखल घेतलेला एक खटला जनरल मोटर्सचा होता. कामावरून कमी केलेल्या काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणाले, कंपनीने बायका नेमल्या होत्या, तेव्हा लिंगभेद नाही; वंशभेदाचा दावा वेगळा चालवा. पण नेमलेल्या त्या बायका गोऱ्या होत्या! एवढे पाहायला ख्रिस्ती विश्वास सोडावा लागत नाही.

सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट पंथाने 2019 च्या ठरावात क्रिटिकल रेस थिअरी आणि इंटरसेक्शनॅलिटी ‘विश्लेषणाचे साधन’ म्हणून, पवित्र शास्त्राच्या अधीन ठेवून वापरायला मुभा दिली होती. 2020 मध्ये त्यांच्याच सहा सेमिनऱ्यांच्या अध्यक्षांनी ‘क्रिटिकल थिअरीचे कोणतेही रूप’ आपल्या विश्वासपत्रकाशी विसंगत ठरवले. ‘कोणतेही’ या शब्दाने सगळेच एका दावणीला बांधले गेले. काही काळ्या पाळकांनी त्यानंतर पंथाशी संबंध तोडले. हा पंथ 1845 मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरूनच वेगळा झाला होता, हे लक्षात घेतले तर नवल नाही.

प्रश्नकर्ता: मग ‘साधन’ चालेल? साधनाबरोबर त्याची दृष्टीही येते, असे विरोधक म्हणतात.

उत्तर: येते, म्हणून उपायाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटते. निदानाच्या बाबतीत नाही. त्या सहांपैकीच एक, लुईव्हिलच्या सेमिनरीने 2018 मध्ये स्वतःचाच इतिहास तपासला: चारही संस्थापक गुलामांचे मालक, मिळून पन्नासहून जास्त माणसे. आणि अन्याय फक्त एकेकट्या मनात असतो, असे शास्त्रही म्हणत नाही. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाच्या 10 व्या अध्यायाच्या आरंभी धिक्कार आहे तो अन्यायाचे कायदे करणाऱ्यांचा, दुबळ्यांचा हक्क कागदोपत्री लुबाडणाऱ्यांचा. मासिकात तो उतारा आधी द्या, ‘चिकित्सक सिद्धांत’ मागून येऊ द्या.