स्पेनमध्ये सालामांकाला 12 आठवडे स्पॅनिश शिकायचंय, टुरिस्ट व्हिसावर जमेल का?

गोदाकाठची
नमस्कार. मी नाशिकची. ऑनलाइन क्लास करून स्पॅनिश ए2 पर्यंत (सुरुवातीची दुसरी पायरी) आणलंय. ऑफिसनं तीन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केलीय, म्हणून सालामांकाला 12 आठवड्यांचा कोर्स करायचा आहे. 29 ऑगस्टला पोहोचायचं, 22 नोव्हेंबरला निघायचं. मोजून 86 दिवस. एजंट म्हणतो, "कोर्सचं नावच काढू नका, फिरायला चाललोय म्हणा." मला ते पटत नाही. स्टुडंट व्हिसा काढावा लागेल का? अमेरिकेचा व्हिसा आहे पासपोर्टवर. आणि हो, जूनमध्ये 6 ते 14 आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जाऊन आले.

ठाणेकरीण
एजंटचं ऐकू नकोस गं. मी सालामांकालाच आठ आठवडे शिकून आलेय, ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, शॉर्ट स्टे व्हिसावर. 90 दिवसांच्या आतल्या कोर्सला तोच लागतो. फॉर्मवर प्रवासाचं कारण विचारतात, तिथे 'शिक्षण' हा पर्याय असतोच. मग लपवायचं कशाला? 90 च्या वर गेलीस तर मात्र स्पेनचा लाँग स्टे स्टुडंट व्हिसा, आणि त्याची कागदपत्रं बरीच जास्त.

तुझी खरी अडचण तू शेवटी जाता जाता लिहिलीस तीच आहे. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच येतं. नियम '180 दिवसांत 90' असा आहे, आणि हे 180 दिवस तिथल्या मुक्कामातल्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजतात. 22 नोव्हेंबरपासून मागे मोजलंस तर 27 मेपर्यंत जातेस. म्हणजे जूनचे नऊ दिवस आत आले. नऊ आणि 86, झाले 95. तुझा नव्वदावा दिवस 17 नोव्हेंबरलाच भरतो. पोहोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरतात. आता सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद संगणकात होते, शिक्का पुसट होता वगैरे सांगून भागत नाही.

कोर्स तीन आठवडे पुढे ढकल. 19 सप्टेंबर ते 13 डिसेंबर धरलंस तर परतायच्या दिवशी जून पूर्ण मागे पडलेला असेल, आणि मधल्या कुठल्याही दिवशी बेरीज 90 च्या वर जात नाही. मी कागदावर दोनदा मांडून पाहिलंय, तूही पाहा.

शाळेकडून पत्र घेशील ते नीट वाच. माझ्या पत्रात आठवड्याचे तास नव्हते, फी भरल्याचा उल्लेख नव्हता. अर्ज घेणाऱ्यांनी परत पाठवलं आणि माझा आठवडा गेला. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा आणि शेंगेनमधल्या सगळ्या देशांना चालणारा हवा. व्हिसाची फी 90 युरो, अर्ज घेणाऱ्या सेंटरचे पैसे वेगळे. व्हिसा हातात आला की स्टिकरवरचा दिवसांचा आकडा बघ. माझ्या स्टिकरवर तारखा 75 दिवसांच्या होत्या, पण राहायचे दिवस 60. राहता येतं ते त्या आकड्याइतकंच.

आणि पत्र, इन्शुरन्स, परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत ठेव. माद्रिदला अधिकाऱ्यानं राहायचा पत्ता विचारला, माझी फाइल सुटकेसमध्ये, फोनला नेटवर्क नाही. घाम फुटला होता. जिच्या घरी राहणार होते त्या बाईंचं नाव आणि रस्ता पाठ होता, ते मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं तेव्हा पुढे सोडलं.

डॅलसचा भाऊ
ताई, अमेरिकेचा व्हिसा चालू आहे ना? मग मेक्सिकोचाही विचार करा. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही, आणि 180 दिवसांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर म्हणून करता येतो, फक्त कमाई करायची नाही. पण 180 मिळतीलच असं समजू नका. किती दिवस ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, म्हणून कोर्सचं पत्र त्याला दाखवा. मी ओआहाकाला सहा आठवडे होतो. तिथले लोक सावकाश बोलतात, चुकलं तर थांबून सांगतात. कोलंबिया किंवा पेरूकडे वळलात तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लसीचं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

गोदाकाठची
ठाणेकरीण ताई, कॅलेंडर घेऊन बसले, तुमचं बरोबर आहे, 95 च येतात. शाळेला लिहिलं. 21 सप्टेंबरच्या तुकडीत जागा आहे म्हणाले. आमचा दीड दिवसाचा गणपतीही तोवर झालेला असेल, आई खूश आहे. पत्रात आठवड्याचे 20 तास आणि फीची पावती दोन्ही मागितलंय. एजंटला नाही कळवलं, अर्ज मीच भरणार. तुम्ही ज्यांच्याकडे राहिलात त्या बाई अजून मुली ठेवतात का?