प्रतिसाद: भेटीच्या अंगणात लॉन नको, वाफे करा

कारागृहात कैदी आणि त्यांची लेकरं भेटतात त्या अंगणात वर कुणीतरी लॉन आणि गुलाब सुचवलेत. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात लॉनला पाणी कुठून आणणार? पैठणच्या खुल्या कारागृहात, म्हणजे जिथं कैद्यांना कोंडून ठेवत नाहीत तिथं, कैदी शेतीच करतात. बंदिस्त कारागृहात मात्र दहा बाय तीन फुटांचे, फूटभर उंचीचे वाफे बरे. रुंदी त्याहून वाढवू नका, लेकराचा हात मधोमध पोचत नाही.

नुसती काळी माती भरली की पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हात भेगा पडतात. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक कुजलेलं शेणखत. खत कच्चं असलं तर वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) ठरलेलीच.

गळाभेटीला, म्हणजे कैदी बापाला जवळून भेटायला, आलेल्या पोरानं मेथी टाकली तर पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. पण मधे पाणी कोण घालणार? बापानंच, रोज. पुढच्या भेटीत बोलायला विषय आपसूक मिळतो, ‘कसा आहेस’च्या पुढचा. तारखा मात्र आधी जुळवा, नाहीतर भाजी जून होते. मे महिन्यात मेथी नीट उगवत नाही, तेव्हा गवार लावा.

कण्हेर नको, विषारी. खुरपी टांगायच्या फळीवर प्रत्येक खुरप्याचा आकार रंगवा. रिकामा आकार लांबूनच दिसतो, मोजणीची कटकट वाचते.