जुना फोन रूट करावा का?

रामबागची_लेक (इंदूर)
नमस्कार. माझ्या अँड्रॉइड फोनची साठवण ३२ जीबी असून, कंपनीने आधीच घालून दिलेली पंधरा-सोळा ॲप्स मी कधीही उघडलेली नाहीत, तरी ती काढता येत नाहीत. फोटो काढायला जावे तर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते. जेल रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याने फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, ती सारी कायमची काढून देतो, असे सांगितले आहे. अडचण अशी की, बाबांच्या पेन्शनच्या खात्याचे बँकेचे ॲप आणि यूपीआय याच फोनवर चालते. काय करावे?

जुना_तंत्रज्ञ
ताई, ज्या जागेसाठी आपण हा खटाटोप करणार आहात, ती जागा रूट केल्याने फारशी मिळणारच नाही. कंपनीची मूळ ॲप्स सिस्टिमच्या वेगळ्या विभागात असतात. तेथून ती पुसली तरी तो रिकामा भाग आपल्या फोटोंच्या वाट्याला येत नाही. आपली जागा खातात ती त्या ॲप्सची नंतर आलेली अपडेट्स आणि साठलेला डेटा. सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका ॲपची ‘अपडेट्स’ काढून टाकावीत, डेटा पुसावा आणि मग ते ‘डिसेबल’ म्हणजे बंद करावे. जेथे डिसेबलचे बटण दाबताच येत नाही, तेथे संगणकाला फोन जोडून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनातील आज्ञेने ते ॲप आपल्यापुरते काढता येते आणि त्यासाठी रूट लागत नाही. फक्त ज्या ॲपचे काम ठाऊक नाही त्याला हात लावू नये, कारण सिस्टिमचा आवश्यक भाग निघाला तर फोन सुरूच होत नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)
मी दोन वर्षांपूर्वी मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन वापरून माझा फोन रूट केला होता, म्हणून अनुभवाने लिहितो. त्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणाऱ्या प्रोग्रामचे, कुलूप उघडताच फोनमधले सगळे पुसले गेले; तो नियमच आहे, पण मी फोटो आधी उतरवून ठेवले नव्हते. त्यानंतर फोन सुरू करताना प्रत्येक वेळी बूटलोडर उघडा असल्याचा इशारा पडद्यावर येत असे. महिनाभर सर्व सुरळीत चालले. मग एका रात्री आईच्या इन्सुलिनसाठी औषधाच्या दुकानात उभा असताना बँकेचे ॲप उघडले, तर ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ एवढेच वाक्य आले आणि ॲप बंद झाले. खिशात रोकड नव्हती. दुकानदार ओळखीचे, म्हणून औषध मिळाले. फोनशी छेडछाड झाली आहे का, हे ही ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या सेवेकडून तपासून घेतात. त्यावरचे तोडगे आज चालतात आणि उद्या बंद पडतात. ज्या फोनवर वडिलांची पेन्शन आहे, त्यावर हा धोका कृपया पत्करू नका.

रामबागची_लेक (इंदूर)
मनापासून आभार. दुरुस्तीवाला विश्वासू असला, तर धोका कमी होतो का?

जुना_तंत्रज्ञ
माणूस प्रामाणिक असला तरी प्रश्न सुटत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र कोठडीत असते आणि एकाला दुसऱ्याचा खासगी डेटा वाचता येत नाही. रूटचा अधिकार मिळालेल्या ॲपला ही भिंत उरत नाही. त्यातून काही कंपन्यांच्या फोनमध्ये अशा छेडछाडीची कायमची नोंद होते. सॅमसंगच्या ज्या फोनमध्ये नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था आहे, त्यात एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो आणि मूळ सॉफ्टवेअर परत घातले तरी तो पूर्ववत होत नाही. शिकण्याची खरोखर आवड असेल तर घरात पडून असलेला, सिम नसलेला एखादा फोन घ्या आणि त्यावर हवे ते करून पाहा. मी स्वतः तसेच शिकलो आणि त्यात मोठा आनंद आहे.

रामबागची_लेक (इंदूर)
काल रात्री बसून अकरा ॲप्सची अपडेट्स आणि डेटा काढला व ती डिसेबल केली. जवळजवळ तीन जीबी मोकळे झाले. दुरुस्तीवाल्याला नको म्हणून कळवले आहे.